दोन हातांचा चाकू

वगार मेली तेव्हा रेश्माच्या कमरेला काहीच नव्हतं, आणि पुढं सगळा उन्हाळा गल्लीनं तिला हीच एक गोष्ट ऐकवली.

झालं असं, की भर दुपारी गोठ्यातल्या वगारीनं, म्हशीच्या वाढत्या पारडीनं, गव्हाणीत पाय घातले आणि पलीकडं उतरायला गेली. दावं गळ्यात, खुंटा अलीकडं. ती गव्हाणीच्या भिंतीवर लटकली. रेश्मा तिथंच शेणाची पाटी भरत होती. पाटी टाकून ती धावली, गाठ सोडायला लागली. पण दावं नायलॉनचं, त्यात ओलं, आणि वर एवढ्या जनावराचा भार. गाठ हलेना. नखं उपसली तरी हलेना. मग ती विळा आणायला घरात पळाली. विळा जागेवर नव्हता. सकाळी सासूनं मक्याच्या भाऱ्यात खोचला होता आणि तिथंच विसरला होता. तो सापडेपर्यंत, आणून दावं कापेपर्यंत, वगारीची जीभ बाहेर आली होती. दावं तुटल्यावर ती खाली बसली ती उठलीच नाही.

विळा कुठं विसरला होता हे कुणी विचारलं नाही. "बाईमाणसानं गोठ्यात रिकाम्या कमरंनं जायचं व्हय?" एवढंच सगळी विचारत होती. शेजारची मंगल तर दूध घालायला डेअरीवर निघाली की वाट वाकडी करून यायची आणि उसासा टाकून जायची. पुढच्या वर्षी दुधाला आली असती गं, म्हणायची. मेलेल्या जनावराचं दुःख गल्लीला असतंच, पण सुनेला बोलायला मिळालं तर ते जरा जास्त दिवस टिकतं.

सासू रंगुबाई वाईट बाई नव्हती. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि उसाच्या तुकड्यावर तिनं जयराजला वाढवला, फौजेत घातला. पण तिचा सगळा जीव गोठ्यात होता. ती रेश्माला फार बोलली नाही. फक्त संध्याकाळी जयराजचा फोन आला तेव्हा सून ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बायकूच्या हातनं वगार गेली रं."

रेश्मा जत तालुक्यातली. तिच्या माहेरी पाणी टँकरनं यायचं, म्हणून तिला आष्ट्याजवळच्या या बागायती गावात दिली तेव्हा तिची आई, अव्वा, म्हणाली होती, "पोरगी पाण्यात पडली." सुखात पडली असं तिला म्हणायचं होतं. इथं पाणी होतं, त्यामुळं बारमाही हिरवी वैरण होती, त्यामुळं म्हशी होत्या, आणि म्हशी असल्या की घराला कुलूप लावून कुठं जाता येत नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी रेश्मा माहेरी सलग आठवडाभर राहिली नव्हती. जयराज पठाणकोटला. त्याचं क्वार्टर मंजूर होतं, नव्या वर्षात मिळणार होतं. फोनवर तो म्हणायचा, "पहिलं बाळंतपण माहेरी हू दे. मग बाळाला घिऊन थेट हिकडंच ये." रंगुबाई हे ऐकत असायची. शेवटी एकदा म्हणाली, "रीत हाय. पहिलं माहेरीच व्हायचं. भाऊबिजंला दादासो यील, न्हील."

तेवढ्या एका वाक्यावर रेश्मा पुढचे दिवस काढत होती.

राखीला दादासो आला तेव्हा तिला चौथा महिना होता. भाऊ साधा माणूस, पिकअप चालवायचा. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "चल आष्ट्याला. साडी घिऊ."

"साडी नगं."

"मग काय?"

"चाकू घिऊन दे."

दादासोनं आधी सासूकडं बघितलं. रंगुबाई सुपारी कातरत होती, ती थांबली नाही.

"कसला चाकू? भाजीचा?"

"अप्पांच्या खिशात असतो तसला. मिटायचा. कमरंला राहिला पायजे."

त्यांचे वडील, अप्पा, मेंढरं राखायचे. त्यांच्या बंडीच्या खिशात घडीचा चाकू कायम असायचा. बाभळीचा काटा काढायला, घोंगड्याचा सुटलेला दोरा तोडायला, कोकराची नाळ कापायला तोच, आणि पुसून भाकरीबरोबर कांदा कापायलाही तोच. रेश्माला लहानपणी तो हातात मिळत नसे. लग्नात सगळं मिळालं, तो काही मिळाला नाही.

आष्ट्यात लियाकतचाचाचं दुकान म्हणजे एक फळी, एक सहाण आणि मागं एक छोटी भट्टी. चाचाचा बाप अडकित्ते करायचा. चाचा स्वतः अडकित्ते, विळे, कात्र्या, जे मागाल ते करायचा, आणि दिल्ली-मुंबईकडून आलेला चकचकीत मालही विकायचा. पोट भरायचं ते त्या मालावर. दादासोनं मागणी सांगितली तेव्हा चाचानं चष्म्यावरून रेश्माकडं बघितलं.

"तुमाला पायजे ताई? काय कापायचंय?"

"दावं," रेश्मा म्हणाली.

चाचानं हसण्यावारी नेलं नाही. त्यानं फळीवर दोन चाकू ठेवले. हातात दिले नाहीत, फळीवर ठेवले आणि बोटानं पुढं सरकवले. चाकू-कात्री हातातून हातात दिली की दोघांत वाजतं, हे दुकानदारालाही पाळावं लागतं.

पहिला चकचकीत, काळ्या मुठीचा, कमरेला अडकवायला पट्टी असलेला. पात्याला बारीक बोंड होतं. त्यावर अंगठा दाबला की एका हातानं पातं सटकन बाहेर. दादासोला तो लगेच आवडला. त्यानं दोन-चार वेळा उघडमीट करून बघितला आणि आजूबाजूला कुणी बघतंय का तेही बघितलं.

दुसरा चाचाच्या हातचा. ट्रकच्या कमानपाट्याचं पातं, शिसवी मूठ, पितळेची रिबिटं. पात्यावर नखाला खाच. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालून ओढायचं, तेव्हा तो कुरकुरत उघडायचा. पूर्ण उघडला की मात्र असा बसायचा की मूठ आणि पातं एकच लोखंड वाटावं.

चाचानं नायलॉनच्या दोरीचा तुकडा खिळ्याला अडकवून ताणला. चकचकीत पातं दोरीवरून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा निम्मं शिरलं. कमानपाट्याचं एकदाच ओढलं आणि दोरी दोन झाली.

"पण एक सांगतो," चाचा म्हणाला, "ह्यो एका हातानं उघडत न्हाई. लय कडक हाय. म्हणत असाल तर थोडा सैल करून देतो. पर सैल केला की मग खिशातबी आपसूक उघडतो कवा कवा."

रेश्मानं नकळत पोटावर हात ठेवला. चाकू कमरेला राहणार, पोटापाशी. वाकताना, धारेला बसताना तो उघडला तर?

"असाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला दोन हात हायत."

चाचानं सांध्यात तेलाचा थेंब सोडला, पातं मिटलं आणि चाकू फळीवर ठेवला. तिनं उचलला.

घरी आल्यावर रंगुबाईनं तो बघितला. "फौजदारीण झालीस म्हण की," म्हणाली. रेश्मानं जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली, नाडीला बांधली, आणि त्या दिवसापासून चाकू तिच्या कमरेला राहिला. सकाळी वैरणीच्या पेंढीचे बंद त्यानं तुटायचे. पेंडीच्या पोत्याची शिवण त्यानं निघायची. म्हशीच्या शेपटीला गुंतलेले गोखरू त्यानं काढायचे. आठवड्यानं ती पायरीच्या दगडावर पाणी टाकून धार लावायची, सांध्याला खोबरेल चोळायची. तरी तो सैल झाला नाही. पंधरा दिवसांत रंगुबाईही "रेश्मे, तुजा चाकू आण गं," असं म्हणायला लागली. पण हातात कधी घ्यायची नाही. "खाली ठेव," म्हणायची, मग उचलायची. काम झालं की खालीच ठेवायची. वाकून उचलायचा तो रेश्मानं. पोट वाढत गेलं तसं ते उचलणं जड होत गेलं. पण याबद्दल सासूला काय बोलणार.

सातवा लागला. पावलं सुजायला लागली. धारेला बसलं की उठताना म्हशीच्याच पाठीवर हात टेकायला लागायचा. खाटेखाली तिनं पिशवी भरून ठेवली: दोन लुगडी, सरकारी दवाखान्याचं कार्ड, अव्वासाठी हळद. रोज झाडताना केरसुणी त्या पिशवीला लागायची, आणि रोज रेश्माला बरं वाटायचं.

यंदा दिवाळीत ग्रहण आलं. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी पाडवा व्हायचा तो एक दिवस पुढं गेला. मधल्या दिवसाची संध्याकाळ सूर्यग्रहणानं धरली. पाडव्यालाच भाऊबीज. म्हणजे ग्रहण सुटलं की दुसऱ्या दिवशी दादासो येणार.

गरोदर बाईनं ग्रहणात काय करू नये, याची उजळणी सकाळपासून तीनदा झाली. एकदा मंगलनं केली, एकदा मोबाईलवर आलेल्या निरोपानं, एकदा रंगुबाईनं. चिरायचं नाही, कापायचं नाही, पोराचे कान-ओठ तुटतात. काही दुमडायचं-मिटायचं नाही, बोटं वाकडी होतात. उन्हाची तिरीप अंगावर घ्यायची नाही. सरळ बसायचं. जयराजचा फोन आला तेव्हा तो हसला. "असलं काय नसतंय. पर आई म्हणती तसं कर." त्याचं हे नेहमीचंच होतं. पहिलं वाक्य बायकोसाठी, दुसरं आईसाठी, आणि पाळायचं ते दुसरं.

चार वाजता रंगुबाई खोलीत आली. "त्यो चाकू काढ. ग्रान सुटंस्तवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

"मी न्हाई उघडत तो."

"हाताला सवय लागल्या. ठेव खाली."

रेश्मानं पिशवी सोडून चाकू जमिनीवर ठेवला. रंगुबाईनं उचलून आपल्या चंचीत, पान-सुपारीच्या जोडीला घातला, चंची कमरेला खोचली.

"मागचं दार उघडायचं न्हाई. गोठ्याचं मी बगती."

मागच्या दाराची कडी आतून होती, रेश्माच्या हाताशी. बाहेरून कुणी कुलूप लावलं नव्हतं. त्याची गरज नव्हती. ती खाटेवर भिंतीला पाठ लावून सरळ बसली. घशाला कोरड पडली होती. वेध पाळायला नको असं सगळे म्हणाले होते, तरी पाणी मागताना तिला कसंतरी वाटत होतं. पोटात बाळ मात्र मोकळं फिरत होतं.

उजेड बदलला. दाराच्या फटीतून येणाऱ्या पट्ट्या पिवळ्याच्या राखाडी झाल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं लावून सगळी आत बसलेली. आणि मग चांदी ओरडायला लागली.

चांदी म्हणजे थोरली म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिची धारेची वेळ झाली होती. ग्रहण माणसांना कळतं, तिला नाही. सड भरून आले होते, आणि कुणीच येत नव्हतं. ती दाव्याला हिसके देत होती. रेश्माला प्रत्येक हिसका आतून कळत होता, खुंट्याजवळच्या लोखंडी खांबावर दावं घासल्याचा आवाज ओळखीचा होता. मग रंगुबाईची पावलं, "हो हो, थांब गं बया," असं बोलणं. ती दावं आखूड करून बांधायला गेली असणार.

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

आवाज पत्र्यावर आदळून परत आला. म्हैस उधळली, खांब दणाणला, आणि त्या दोन्हीच्या मधून रंगुबाईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. श्वास आत ओढावा तसा आवाज, आणि मग काहीच नाही.

"आत्याबाई?"

रेश्मा खाटेच्या काठावर सरकली.

"आत्याबाई, काय झालं?"

"बाहीर यिऊ नगंस," रंगुबाई म्हणाली. दात दाबून बोलत होती. "काय न्हाई. हात अडाकलाय."

"कशात?"

"दाव्यात. तू बस. कुणालातरी हाक मारती."

तिनं मंगलला हाक मारली. पण ती हाक अशी निघाली की गोठ्याबाहेरही गेली नसेल. म्हैस पुन्हा मागं ओढायला लागली. रेश्मा खाटेवरून उठली आणि दारापाशी उभी राहिली. हात कडीवर गेला आणि तिथंच थांबला. तिला वाटलं, उघडावं. तिला वाटलं, उद्या दादासो येणार आहे, आणि पुढं बाळाचा ओठ फाटका निघाला तर जन्मभर आपल्याला त्या ओठाकडं बघावं लागेल. लोक बघतील ते वेगळंच. मग तिला वगारीची जीभ दिसली. विळा शोधत ती घरभर फिरत होती तेव्हा वगार हेच करत होती, वाट बघत होती.

बाहेर खडखड झाली. लोखंडावर दात घासल्याचा आवाज. रंगुबाई चंचीतला चाकू काढून दातांनी उघडायला बघत होती.

"उघडंना गं ह्यो," रंगुबाई म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात रडू होतं. रेश्मानं तिला नवऱ्याच्या वर्षश्राद्धालाही रडताना बघितलं नव्हतं.

रेश्मानं कडी काढली. पदर डोळ्यांपर्यंत ओढला, मान खाली घातली.

"पत्र्याखालनं ये," रंगुबाई तशातही म्हणाली. "उन्हाकडं जाऊ नगंस."

दावं तिच्या उजव्या हाताला दोन वेढे गुंडाळलेलं होतं. दावं हाताला गुंडाळू नये हे तिनंच रेश्माला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. म्हशीनं मागं ओढल्यावर हात खांबावर जाऊन आवळला होता, आणि दोन बोटं दावं नि लोखंड यांच्या मधे सापडली होती. ती जांभळासारखी झाली होती. रेश्मानं म्हशीला पुढं ढकलायला बघितलं. पोट मधे आलं, आणि बुजलेली म्हैस आणखी मागं गेली. दावं आणखी आवळलं.

चाकू रंगुबाईच्या डाव्या हातात होता. मुठीला हिरडीचं रक्त लागलं होतं.

"नुस्ता उघड," ती म्हणाली. "कापू नगंस. उघडायला कुणी बंदी केल्याली न्हाई. कापती मी."

खाली शेण होतं, म्हशीचे पाय होते. चाकू खाली ठेवायला जागा नव्हती. रेश्मानं तिच्या हातातून घेतला, खाचेत नख घातलं आणि ओढला. तो कुरकुरत उघडला. तिनं तो परत तिच्या हातात दिला.

रंगुबाईनं डाव्या हातानं पातं दाव्यावर टेकवलं. आयुष्यभर उजव्या हातानं कामं केलेली बाई. पातं घसरलं, खांबावर वाजलं. पुन्हा टेकवलं. वरचे चार धागे तुटले. म्हशीनं हिसका दिला. रंगुबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाईमाणसाचा नव्हता, तो रेश्मानं उन्हाळ्यात एकदा ऐकला होता.

तिनं आपला हात सासूच्या हातावर ठेवला आणि दाबला.

दावं तुटलं. म्हैस धडपडत अंगणात गेली. रंगुबाई खांबाला घासत खाली बसली, हात छातीशी धरून. चाकू शेणात पडला. उजेड इतका मळका झाला होता की रक्त काळं दिसत होतं.

रेश्मा चाकू उचलायला वाकली.

"मिटू नगंस," रंगुबाई म्हणाली. "पडू दे. ग्रान सुटू दे." मग श्वास घेऊन म्हणाली, "आत जा. आणि ध्येनात ठेव. कापलं मी. तू हात लावला न्हाईस."

"आत्याबाई, हात..."

"आत जा म्हणती न्हवं."

रेश्मा आत गेली नाही. तिथंच बसून तिनं पदर फाडून हात बांधला. फाडू नये असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, तिला आठवलं नाही.

चाकू सूर्य बुडेपर्यंत उघडाच पडून होता.

दिवे लागल्यावर माणसं आली. मंगलच्या नवऱ्यानं जीप काढली. जीपमध्ये बसवताना मंगलनं दावं बघितलं, चाकू बघितला, आणि हाताचं विचारायच्या आधी विचारलं, "ग्रानात कापलं कुणी?"

"मी," रंगुबाई म्हणाली.

"डाव्या हातानं?"

"मग? तुज्या हातानं?"

मंगल रेश्माच्या पोटाकडं बघत राहिली.

सांगलीला विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात रात्री एका बोटाचं टोक काढलं. दुसरं राहिलं, पण आता वळणार नाही म्हणाले. मूठ होणार नाही. मूठ होणार नाही म्हणजे धार निघणार नाही, हे डॉक्टरला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. त्या रात्री चांदीला आणि धाकटीला रेश्मानंच पिळलं. चांदी पान्हवेना. रेश्मा तिच्या कुशीला डोकं टेकून बसून राहिली, आणि तिला पहिल्यांदा फार भीती वाटली. बाळ हललं की ती मोजल्यासारखं करायची, हात हलला, पाय हलला. कान कसे कळणार.

दुसऱ्या दिवशी दादासो आला. जतवरून निघताना त्यानं पिकअपच्या मागच्या बाजूला गादी अंथरली होती, बहिणीला झोपून येता यावं म्हणून. रंगुबाई सोप्यात बसली होती, गळ्यात हात बांधलेला. रेश्मानं भावाला ओवाळलं. त्यानं ताटात घालायचं ते घातलं आणि मग बराच वेळ ताटाकडंच बघत राहिला.

"आता कसं करायचं मावशी?" त्यानं रंगुबाईला विचारलं.

"कसं म्हंजी? न्या की. मी कुठं न्हाई म्हणती?"

गोठ्यात धाकटी ओरडली. सगळ्यांनी त्या बांधलेल्या हाताकडं एकदा बघितलं. जयराजचा फोन लावला. तो पठाणकोटवरून म्हणाला, रजा मिळत नाही, म्हणाला, आईला कोण आहे दुसरं, म्हणाला, "क्वार्टर काय पळून जात न्हाई. आईचा हात बरा हू दे." हात बरा होणार नाही हे त्याला कालच सांगितलं होतं.

रेश्माला राग आला. सासूचा नाही, नवऱ्याचाही नाही. त्या फळीवरचा दुसरा चाकू तिला दिसत होता, काळ्या मुठीचा, चकचकीत. तो घेतला असता तर आत्याबाईंनी एका हातानं उघडला असता, दोनदा घसरून का होईना तिसऱ्यांदा कापला असता, आणि आपण आत खाटेवर सरळ बसून राहिलो असतो. मूठ शाबूत राहिली असती. आज या घटकेला आपण गादीवर पडून जतच्या रस्त्याला लागलो असतो. मला दोन हात हायत, असं म्हणाली होती ती. ते दोन हात आता या घराला पुरवायचे होते.

"दादा, तू जा," ती म्हणाली. "अव्वाला सांग, मागनं येती."

"कवा?"

ती हळदीची पुडी आणायला आत गेली. खाटेखालची पिशवी ओढली, पुडी काढली, लुगडी परत ट्रंकेत ठेवली. पिशवी रिकामी झाल्यावर घडी करायला घेतली आणि क्षणभर थांबली. मग ग्रहण सुटलंय हे आठवून तिनं ती दुमडली.

पिकअप गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तेव्हा रंगुबाई मागं येऊन उभी राहिली होती.

"मंगल आली हुती सकाळी," ती म्हणाली. "पुन्ना इचारत हुती. मी सांगितलं तिला, पोरीनं हातबी लावला न्हाई. तुज्यावर बोल यिऊ देत न्हाई मी. पोरगं नीट झालं तर बरंच झालं. काय उणं निघालं, तर माज्या हातानं झालं म्हणीन. मरंस्तवर म्हणीन."

रेश्माला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि तितक्याच जोरानं तिथून पळून जावंसं वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. एवढं मोठं खोटं कुणी आपल्यासाठी अंगावर घेतलं, की त्या माणसाला सोडून कुठं जाता येत नाही.

"धारंची येळ झाली," रंगुबाई म्हणाली.

गोठ्यात चांदी कासऱ्यानं तात्पुरती बांधलेली होती. तुटलेलं दावं खांबाला लोंबत होतं. रंगुबाईनं डाव्या हातानं चंची सोडली, चाकू बाहेर काढला. धुऊन पुसला होता. मिटलेला होता, कुणी, कसा मिटला कुणास ठाऊक. तिनं तो पुढं केला. रेश्मानं हात पुढं केला. मग रंगुबाई वाकली आणि चाकू जमिनीवर ठेवला.

"उचल," ती म्हणाली.

रेश्मा एका हातानं खांब धरून, पोट सांभाळत, गुडघ्यात वाकली आणि तिनं तो उचलला. खाचेत नख घालून उघडला, दाव्याची पिंजलेली दोन्ही टोकं कापून साफ केली, मिटून कमरेला लावला. मग टोकाला टोक जोडून गाठ मारली, पाय खांबाला लावून ओढली आणि दावं चांदीच्या गळ्यात घातलं.

दावं वीतभर आखूड झालं होतं. चांदीचं तोंड आता गव्हाणीच्या अलीकडच्या काठापर्यंतच पोचत होतं. रेश्मानं वैरण हातानं पुढं ओढून तिच्या तोंडाशी लावली आणि बादली घेऊन धारेला बसली.